आईची पाळी गेली त्यानंतर

आईची पाळी बंद झाली तेव्हा ती सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची असावी. नक्की सांगता येत नाही. तिचा जन्म प्लेगच्या दिवसांतला, गाव सोडून सगळे रानात झोपड्या बांधून राहिले होते तेव्हाचा, आणि तारीख लक्षात ठेवण्याइतकं स्वस्थ कोणी नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही डोंबिवलीला राहत होतो, स्टेशनच्या पूर्वेला, जिथे घरं संपून भाताची खाचरं सुरू होत तिथे. दोन खोल्या, मागे पडवी आणि पडवीपलीकडे चार बिऱ्हाडांत मिळून एक विहीर. वडील मुंबईला एका कचेरीत कारकून होते. मी कल्याणच्या एका शाळेत शिकवत होते. माझ्या पाठची भावंडं जगली नाहीत, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

चौथं माणूस महिन्यातून एकदा येई. ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली. लाल आलवण नेसायची, डोक्यावरून घट्ट पदर घ्यायची आणि दिवसातून एकदाच जेवायची. ती ठाण्याला काकांकडे असे. आई बाहेरची झाली की वडील कचेरीत जाताना ठाण्याला उतरत, काकांच्या दारातूनच "अक्का, ये" एवढं सांगत आणि पुढची गाडी पकडत. मला स्वयंपाक येत होता, पण मी सकाळीच शाळेला जात असे, शिवाय देवाच्या नैवेद्याचं सोवळं वडिलांना अक्काशिवाय कोणाचं चालत नसे. दुपारपर्यंत आत्या हातात कापडी पिशवी घेऊन दारात हजर.

ते चार दिवस आई पडवीत असायची. वेगळं कांबळं, वेगळा तांब्या, वेगळी थाळी. आत्या लांबून वाढायची. आई जेवायची आणि झोपायची. उठली की वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायची. अर्ध्यावर फाटलेली बातमी, कसल्याशा खटल्याचा निकाल, औषधाची जाहिरात, जे असेल ते. एरवी मी तिला बसून वाचताना कधी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ती विहिरीवर न्हायची आणि ओल्या केसांनी चुलीपुढे जाऊन बसायची. आत्या दुपारच्या गाडीने परत जायची.

मग एका वर्षी पाळी मागेपुढे व्हायला लागली. दोन महिने नाही, मग एकदा खूप, मग पुन्हा नाही. वर्षभराने ती थांबलीच. आईने शेजारच्या बायकांना विहिरीवर सांगितलं, "सुटले बाई." त्या म्हणाल्या, "सुटलात." वडिलांनाही बरंच वाटलं असावं, कारण आता देवाचं काही अडणार नव्हतं. गौरी-गणपती, नवरात्र, कशातही खंड नाही. आईने सोमवार आधीपासून धरला होता, आता एकादशी आणि शनिवारही धरला.

आत्या एकदा सहज म्हणून येऊन गेली. निघताना पिशवी हातात घेऊन ती उंबऱ्यात जरा थांबली आणि आईला म्हणाली, "मग आता मी कशाला येऊ?"

"असं काय म्हणता वन्सं? तुमचंच घर आहे," आई म्हणाली.

"ते आहे गं. पण कारण लागतं."

त्यानंतर ती आली नाही. काकांच्या घरात माणसं पुष्कळ होती आणि काम त्याहून पुष्कळ. कारणाशिवाय तिला तिथून सुटता येत नसणार.

आई रोज चुलीपुढे बसू लागली. रोज म्हणजे रोज. वर्ष फिरलं तरी एक दिवस सुटला नाही. मला ते तेव्हा जाणवलं नाही. ताटात गरम भात येत होता.

तिला कढ यायला लागले ते याच सुमारास. भाकरी थापताना एकदम तिचा चेहरा लाल व्हायचा, कपाळावरून घाम ओघळायचा आणि ती पदर ओला करून मानेवर टाकायची. थंडीतसुद्धा. कधी भाकरी तव्यावर टाकून मोरीतल्या दगडावर जाऊन बसायची, तो दगड गार असे म्हणून. भाकरी करपायची. वडील आतून विचारायचे, "वास कसला येतोय?" ती म्हणायची, "काही नाही." करपलेली भाकरी ती स्वतः खायची.

सगळंच ती खायची. रेशनचे दिवस होते, अन्न टाकणं तिच्या मनातही येत नसे. पातेल्याच्या तळाचा भात, आदल्या दिवशीचं वरण, उपासाच्या खिचडीचा उरलेला गोळा, तळणीतल्या उरलेल्या तेलात परतलेली शिळी भाकरी. लोणी कढवलं की तळाशी जी खरपूस बेरी राहते ती साखर घालून तीच संपवायची. "टाकायचं का मग?" एवढंच म्हणायची. उपासाच्या दिवशी तर साबुदाणा, दाणे, बटाटा, नारळ आणि वर तूप. पूर्वी ती काटकुळी होती. दोन वर्षांत तिच्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. चोळ्या उसवून मोठ्या केल्या. चेहराही बदलला. सुजल्यासारखा, आणि त्यावर काहीच नसल्यासारखा. हाक मारली की ती बघायची, पण बघायला जरा वेळ लागायचा.

"आई, तुला बरं नाही का?" मी एकदा विचारलं.

"बरी आहे."

"मग अशी का असतेस?"

तिने विचार केला. "कशी?" म्हणाली.

झोप जवळजवळ नव्हतीच. सकाळी तिचे डोळे खोल गेलेले असायचे. छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं, असं ती म्हणायला लागली. वडिलांनी ओवा आणि काळं मीठ दिलं. वैद्यांनी शतावरीचा काढा दिला. तो तिने महिनाभर घेतला आणि मग काढ्याचं पातेलं घासून पालथं घातलं. शेवटी ती एक दिवस तव्यापुढे बसल्या बसल्या रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि ती भाकरी थापत होती. वडील बघत उभे राहिले. त्या रविवारी ते म्हणाले, "ठाण्याला एक लेडी डॉक्टर आहेत म्हणतात. दाखवू."

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. आईला आत तपासून त्या बाहेर आल्या आणि वडिलांशी बोलायला लागल्या. आई माझ्या शेजारी बाकावर बसली होती. बोलणं तिच्याबद्दल होतं, पण ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"यांना रोग नाही," त्या म्हणाल्या. "पाळी असेपर्यंत बाईचं शरीर एक द्रव्य तयार करतं, त्याला हॉर्मोन म्हणतात. ते कमी झालं की हे सगळं होतं. कढ, धडधड, झोप न येणं, रडू येणं."

"मग सगळ्या बायकांना होतं?"

"कमी-जास्त. सगळ्या सांगत नाहीत."

"औषध?"

"इंजेक्शनं आहेत. शरीर जे करायचं थांबलंय ते बाहेरून द्यायचं. मुंबईहून मागवावी लागतात."

वडिलांनी जरा घुटमळून विचारलं, "त्यात शिवाशिवीचं, अभक्ष्य असं काही नाही ना?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे काही क्षण पाहिलं. "माहीत नाही," म्हणाल्या. "मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका."

इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याला मी आईला ठाण्याला घेऊन जायची. थोड्याच दिवसांत कढ थांबले. ती झोपायला लागली. तव्यावरची भाकरी करपेनाशी झाली. आई बरी झाली असं आम्ही म्हणू लागलो. वागणं तसं फार बदललं नव्हतं, पण घर पुन्हा रुळावर आलं होतं.

मग एका सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा चूल थंड होती. आई पडवीत कांबळ्यावर बसली होती. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर तिने हात पुढे केला, "शिवू नकोस."

"म्हणजे?"

"बाहेरची झालेय."

वडील देवापुढे बसले होते. पळी हातातच राहिली. "अगं, पण ते तर... बंद झालं होतं ना?" ते आतूनच म्हणाले.

"झालं होतं," आई म्हणाली. "पुन्हा आलं."

त्या दिवशी वडील ठाण्याला उतरले. आत्या दुपारी आली ती पदर खोचतच. पडवीत डोकावून म्हणाली, "हे काय गं नवीन?"

"इंजेक्शनानं आलं असेल."

"अगो बाई," आत्या म्हणाली, आणि मग दोघी हसल्या. मोठ्याने नाही. मी आईला त्या वर्षांत हसताना पाहिलं ते तेवढंच, म्हणून लक्षात राहिलं.

चार दिवस आई पडवीत झोपून होती. मी शाळेतून आले की ती कागद वाचत असायची. आत्या चुलीपाशी गुणगुणत होती. चौथ्या दिवशी आई न्हायली आणि आत्या गेली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी आईला पुन्हा तपासलं. "घाबरण्यासारखं काही नाही, पण इंजेक्शनं बंद," म्हणाल्या. "या वयात पुन्हा रक्तस्राव होऊ देणं बरं नाही."

आई पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली. "मला चालेल."

"काय चालेल?"

"आलं तर आलं. महिन्याच्या महिन्याला. मला त्रास नाही त्याचा."

डॉक्टरीणबाईंना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही तेव्हा नीट उमगलं नव्हतं. "नाही, बाई," त्या म्हणाल्या, "ते धोक्याचं आहे." आई उठली आणि पदर सारखा करून दाराकडे गेली. परतताना गाडीत, दिवा स्टेशनाच्या पुढे खाडीचं पाणी दिसतं तिथे ती म्हणाली, "दुसरे कोणी डॉक्टर देत असतील का?" मी म्हटलं, "कशाला? आता तुला बरं आहे ना?" ती खिडकीकडे तोंड करून बसली.

कढ परत आले, पण आता ती त्याबद्दल सांगत नसे. अशी वर्षं गेली. दोन की तीन, मला आता वेगळी काढता येत नाहीत. सकाळी शाळा, दुपारी वह्या, संध्याकाळी देवापुढे दिवा. माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा होऊन मोडलं. मला फार वाईट वाटलं नाही. आईलाही वाटलेलं दिसलं नाही.

मग तिची दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. विहिरीवरून भरलेली घागर घेऊन येताना ती मध्येच थांबायची, घागर खाली ठेवायची आणि जबडा हाताने दाबून धरायची. थोडं थांबलं की दुखणं जायचं. मग पुन्हा घागर उचलायची. पाट्यावर वाटतानाही तसंच. लवंग धरून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. दातांच्या डॉक्टरांनी दाढ ठोकून पाहिली. "वरून तर काही दिसत नाही," ते म्हणाले. आई म्हणाली, "काढा." त्यांनी काढली. धट्टीकट्टी दाढ होती, दोन मुळं. कागदात गुंडाळून त्यांनी ती आईच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात पाणी आणताना आई पुन्हा तिथेच थांबली. मी दारातून पाहत होते. तिने घागर ठेवली आणि जबडा धरला. दाढ नव्हती तिथेच दुखत होतं.

"अजून जखम भरली नसेल," वडील म्हणाले.

चैत्र संपत आला होता तेव्हाची गोष्ट. कुरडयांचा दिवस. आईने पहाटेच चूल पेटवली होती. भिजलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात शिजत होता. तो सतत ढवळावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात, आणि घट्ट होत जाईल तसा हात भरून येतो. रविवार होता. मी अंगणात खाटेवर धुतलेलं लुगडं पसरलं, सोऱ्या पुसून ठेवला आणि आईच्या हाकेची वाट पाहत बसले. हाक आली नाही. आत गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा राखेसारखा. पाठीत, दोन फऱ्यांच्या मध्ये, कोणी खुंटी ठोकतंय, असं ती म्हणाली. मग उलटी झाली. हात माझ्या हातात घेतला तर बर्फ.

"चीक उतरव," ती म्हणाली.

मी चीक उतरवला. त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या.

जवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून पूड दिली. ती उलटून पडली. दुपारी वडील टांगा घेऊन कल्याणला गेले आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आले. तरुण होते, मुंबईला शिकलेले. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं, नाडी पाहिली, एक इंजेक्शन दिलं. आईचा चेहरा सैल पडला. मग ते बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, "हार्टचा झटका आहे."

"हार्टचा?" वडील म्हणाले. "बायकांना?"

"बायकांना नसतो असं वाटतं, कारण पाळी आहे तोवर क्वचितच दिसतो. त्यानंतर त्यांची आणि आपली गत सारखीच. यांना आधी कधी छातीत दुखत होतं?"

"छातीत नाही. दाढ दुखत होती. ती काढली."

डॉक्टरांनी मान हलवली. "काम करताना दुखायची? बसलं की थांबायची?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हटलं.

"ती दाढ नव्हती," डॉक्टर म्हणाले.

मग ते पथ्य सांगायला लागले. सहा आठवडे पाठीवर पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, स्वतःच्या हाताने तांब्यासुद्धा उचलायचा नाही. मीठ बंद. तूप, नारळ, तळण बंद. वजन उतरायला हवं. उपास-तापास नकोत, कारण उपासाच्या नावाखाली काय खाल्लं जातं ते त्यांना ठाऊक होतं; त्यांच्या घरीही आई होती. रोजचं थोडं थोडं, वेळेवर आणि ताजं खायचं. शिळं नको.

आई डोळे मिटून पडली होती. झोपलीय असं आम्हाला वाटत होतं. डॉक्टर निघताना तिने विचारलं, "सहा आठवडे?"

"हो. कमी नाही."

"स्वयंपाक?"

"तो दुसरं कोणीतरी करेल."

ती तोंड भिंतीकडे करून झोपली.

आत्या आली. या खेपेला पिशवी मोठी होती. तिने चुलीचा ताबा घेतला आणि मी आईचं बाकी सगळं केलं. अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं. हे करताना मला काहीच वाटत नसे. मला वाटायचं आपण दमलो आहोत म्हणून. सकाळी तिला स्वच्छ करून मी शाळेत जात असे, मुलींकडून नद्यांची नावं म्हणून घेत असे. मुख्याध्यापिका विचारायच्या, "आई कशा आहेत?" मी म्हणायची, "पडून आहे." त्यातच सगळं आलं.

अळणी जेवणाचं अवघड जाईल असं आम्हाला वाटलं होतं. आईने पहिला घास घेतला आणि तशीच चावत राहिली. आत्याने विचारलं, "लिंबू पिळू का?" आई म्हणाली, "नको. मला चव लागतच नव्हती बऱ्याच दिवसांपासून." आत्या तर वर्षानुवर्षं कधी हे व्रत, कधी ते व्रत म्हणून अळणीच खात होती. दुपारी ती आईच्या अंथरुणाशेजारी आपलं पान घेऊन बसायची. सोवळं तिने त्या दिवसांत गुंडाळून ठेवलं होतं. एकदा माझ्यासमोरच आईने तिला विचारलं, "वन्सं, तुमची कधी गेली?"

"काय?"

"पाळी."

आत्या घास घेता घेता थांबली. "मला कोणी विचारलंच नाही गं," म्हणाली. "एक दिवस गेली. चौतीस-पस्तिसाव्या वर्षी असेल. कढ यायचे. डोक्यावर पदर असायचा, कोणाला दिसायचं नाही. मोरीत जाऊन पाणी ओतून घ्यायची."

"छातीत धडधडायचं?"

"अजून धडधडतं," आत्या म्हणाली आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी आईला बसवलं, मग उभं केलं. ती बरीच वाळली होती. आत्या आणखी महिनाभर राहिली आणि काकांचे निरोपावर निरोप यायला लागले तशी गेली. आई हळूहळू चुलीपाशी बसू लागली. पाणी आता एक बाई भरत होती. वडिलांना वाटलं, संपलं एकदाचं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी आई चुलीपाशी गेली नाही. तिने पडवीत कांबळं पसरलं आणि वेगळा तांब्या घेऊन बसली.

"काय झालं?" वडील म्हणाले.

"बाजूला बसलेय."

"अगं, आता कसलं? पुन्हा तसलं काही होतंय का? डॉक्टरांना बोलावू?"

"काही होत नाहीये," आई म्हणाली. "नुसती बसलेय."

वडील तिथेच उभे राहिले. आईने एक पुडीचा कागद उलगडला आणि गुडघ्यावर ठेवून सपाट केला. वडिलांनी कोट चढवला. जाताना त्यांनी मला विचारलं, "तुझी आई असं का करते?" मी म्हटलं, "माहीत नाही." पण त्या दिवशी ते ठाण्याला उतरले. दुपारी आत्या दारात होती. तिने काहीही विचारलं नाही. पाय धुतले आणि तांदूळ निवडायला घेतले.

तेव्हापासून आई दर महिन्याला बसू लागली. विहिरीवर बायका कुजबुजल्या असतील. वडील पहिले काही महिने घुश्शात होते, मग त्यांनी सोडून दिलं. कल्याणच्या डॉक्टरांना मी एकदा हे सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. औषधापेक्षा बरं आहे." त्यांनी तिला रोज चालायलाही सांगितलं, सपाटीवर, दमेल इतकं नाही. त्या काळी डोंबिवलीत पन्नाशीची बाई कामावाचून चालत नसे. पहिल्या दिवशी आई शीळच्या रस्त्याला लागली तर भेटेल तो विचारी, "कुठे निघालात?" दुसऱ्या दिवसापासून ती हातात रिकामी पिशवी घेऊन जायला लागली. मग कोणी विचारलं नाही.

आत्या गेली ती त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. ठाण्याला, सकाळी, काकांकडच्या मोरीत भांडी घासता घासता. खाली बसली आणि उठली नाही. कोणी म्हणालं झीट, कोणी म्हणालं उष्माघात. काकू म्हणाल्या, अलीकडे तिचा डावा हात दुखायचा, पण वाताचं तेल लावायची. ती आयुष्यभर एकदा जेवली, अळणी जेवली, तिच्या अंगावर मांस कधी चढलंच नाही. तिच्या छातीला नळी कोणीच लावली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं. आई जवळ जाऊन बसली. तिने आत्याच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. बायका रडत होत्या. आई रडली नाही आणि मीही नाही. मला एवढंच दिसत होतं की आत्याची पावलं ओली आहेत. कोणीतरी म्हणालं, "तुम्ही दूर व्हा, तुमची प्रकृती बरी नाही." आई तिथेच बसून राहिली. मग तिने काकांना विचारलं, "यांचं जेवण झालं होतं का?" काका म्हणाले, "नाही, अजून व्हायचं होतं."

घरी आल्यावर आई सुतकाचे दिवस पडून होती. नंतर तिने वडिलांना सांगितलं, "आता स्वयंपाकाला बाई ठेवा." तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी नव्हती. वडील म्हणाले, "सोवळ्यातली मिळायला पाहिजे." आई म्हणाली, "नाही मिळाली तरी ठेवा." बाई ठेवली. ती डोंबिवलीच्याच जुन्या वस्तीतली होती, हातात मोठ्याने वाजणारे काचेचे चुडे, आणि बोलायची तेव्हा सगळं घर ऐकायचं. देवाच्या नैवेद्याला वडील स्वतः दूध-साखर ठेवू लागले.

मी पुढे कल्याणलाच खोली घेऊन राहिले. शाळा जवळ पडते हे कारण सांगितलं. वडील निवृत्त झाले. रविवारी मी घरी जात असे, तेव्हा संध्याकाळी दोघं फिरायला निघालेली दिसायची. वडील छत्री टेकत पुढे, आई बरीच मागे. रस्त्यात ओढ्यावरची एक मोरी होती, तिच्या कठड्यावर ती दम खायला बसायची. वडील थोडं पुढे जायचे, ती दिसत नाही म्हणून मागे वळून यायचे आणि शेजारी बसायचे. खाचरांतून गुरं परतत असायची, दोघं त्यांच्याकडे बघत बसायची. मग आई उठायची आणि आधी चालायला लागायची.